डेव्हिएशनवर बसवलेला पिस्टन

सोपान गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणला एका पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहून त्याच्याच पिस्टनवरून भांडत होतो. भांडण माझं नव्हतं. मला विचाराल तर तो पिस्टन दिसायला चांगला होता, चकचकीत होता, आणि कुठल्याही शहाण्या माणसानं तो बसवून गाडी चालू केली असती. पण सोपान शहाणा नव्हता, क्वालिटीत होता. आदल्या संध्याकाळी त्यानं तो पिस्टन फडक्यात गुंडाळून माझ्या हातात कोंबला आणि सांगितलं, उद्या चाकणला जा, तो बनवणाऱ्या संतोषला परत दे आणि धड असेल तो घेऊन ये. मी म्हटलं, मी काय तुझा कुरिअरवाला आहे? तर म्हणाला, डॉक्टरनं गाडी मला बंद केलीय, तुला नाही. तर मी असा लोखंडाच्या धुरळ्यात उभा, समोर संतोष, बाजूला लेथचा आवाज, आणि फोन वाजला. मयूरचा होता, सोपानच्या मुलाचा. "काका, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. माझं डोकं आधीच तापलेलं. मी खेकसलो, "गेले म्हणजे कुठं गेले? एक दिवस घरात बसवत नाही का त्यांना?" पलीकडून हुंदका आला, मग मला कळलं.

संतोषनं माझ्या तोंडाकडे बघूनच मशीन बंद केलं. तो आत गेला, रॅकवरचे पिस्टन एकेक करून मोजायला लागला आणि त्यातला एक घेऊन बाहेर आला. म्हणाला, सर, हा ह्या लॉटमधला सगळ्यात बरा आहे, एवढा घेऊन जा. मेलेल्या माणसाची तक्रार मिटवत होता बिचारा. मी तो खिशात टाकला आणि चऱ्होलीला आलो. नदीकाठी सगळे उभे असताना तो पिस्टन माझ्या मांडीला टोचत होता. अशा वेळी माणसाला मित्राची आठवण यावी, डोळे भरून यावेत. मला आपला राग येत होता. इतकी वर्षं पिच्छा पुरवला, आणि माझ्या खिशात पिस्टन ठेवून हा स्वतः मोकळा झाला.

आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. मी लातूरहून इकडे कामाला आलो आणि प्रॉडक्शनला लागलो. सोपान चऱ्होलीचा, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच, शेतीवाडीचा माणूस, तो क्वालिटीत. ज्यांनी कारखान्यात काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, की प्रॉडक्शनच्या माणसाला माल पुढे गेलेला हवा असतो आणि क्वालिटीच्या माणसाला तो चांगला असल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नसतो. त्यामुळे ह्या दोघांचं जमत नाही. बाहेरून आलेले सुटे भाग हा तपासायचा. मापात केसाचा फरक निघाला की आख्खा लॉट लाल क्रेटमध्ये, आणि माझी लाइन उभी. मग मी त्याच्या टेबलाशी जाऊन बसायचो. आधी गोड बोलायचो, मग आवाज चढवायचो, शेवटी मॅनेजरला मध्ये घ्यायचो. सगळं झालं की एक शब्द निघायचा: डेव्हिएशन. म्हणजे पार्ट मापात नाही हे सगळ्यांना मान्य आहे, पण काम अडलंय, तेव्हा एवढ्या वेळेपुरता चालवून घ्या. त्या कागदावर क्वालिटीची सही लागते. सोपान सही करायचा. करावीच लागायची. चाळीस माणसं हात बांधून उभी असताना कोण किती ताणून धरणार?

सही झाली की तो उठायचा आणि कोपऱ्यातल्या बेसिनवर जाऊन हात धुवायचा. नुसते ओले केल्यासारखे नाहीत, ग्रीस काढायची ती वाळूसारखी पावडर घेऊन पार कोपरापर्यंत. आमची पोरं हसायची. साहेबांनी सही केली का ऑपरेशन, म्हणायची. मी एकदा त्याला विचारलंच, अरे, पेनानं सही केलीस, ग्रीस कुठून लागलं? तो टॉवेलला हात पुसत म्हणाला, "लातूर, तुला न्हाई कळायचं. तू मागणारा." माझं नाव त्यानं शेवटपर्यंत घेतलं नाही. जिल्ह्याच्याच नावानं हाक मारायचा.

आता त्या गाडीबद्दल. नोकरी लागल्यावर त्यानं एक जुन्या पद्धतीची टू-स्ट्रोक मोटारसायकल घेतली होती. ती बनवणारी कंपनी पुढे बंद पडली, पण सोपाननं गाडी सोडली नाही. वर्षानुवर्षं तीच चऱ्होली ते कंपनी आणि कंपनी ते चऱ्होली. चालून चालून तिचं इंजिन सैल झालं आणि ते एका विशिष्ट तऱ्हेनं खडखडायला लागलं, पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या हलवल्यासारखं. गेटच्या बाहेर असल्यापासून आम्हाला कळायचं की क्वालिटी आली. मला तर आयतंच सापडलं. त्यानं माझा लॉट अडवला की मी सगळ्यांसमोर म्हणायचो, आधी स्वतःच्या गाडीचा आवाज ऐका, मग आमचे पार्ट मोजा. सगळे हसायचे. तो हसायचा नाही. मला वाटायचं, चेष्टा आहे, सोडून देईल. पण सोडून देणं ही गोष्ट त्या माणसाला येतच नव्हती.

मंदावहिनींना मात्र त्या खडखडीचं काही वाटत नसे. मी त्यांच्याकडे अनेकदा आधी पोचून बसलेलो असायचो. गप्पा चाललेल्या असायच्या, आणि मध्येच वहिनी उठून आत जायच्या. मला काही ऐकू आलेलं नसायचं. आतून लायटरचा आवाज यायचा, पातेलं ठेवल्याचा आवाज यायचा आणि मग कुठे वळणावर ती गाडी वाजायची. सोपान पाय धुऊन येईपर्यंत चहा कपात असायचा. मी एकदा सोपानला म्हटलं, लेका, गाडी नीट केलीस तर तुझा चहा उशिरा होईल. त्याला हा विनोदही आवडला नाही.

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, नातवंडं सांभाळतात, सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतात. सोपाननं घरामागच्या गोठ्याच्या शेडमध्ये टेबल टाकलं, गाडीचं इंजिन उतरवलं आणि खोललं. मला बोलावून सांगितलं की आख्खी नोकरी डेव्हिएशनवर सह्या केल्या, आता एक इंजिन असं बांधणार की त्यात एकही पार्ट चालवून घेतलेला नसेल. मी म्हटलं, छान, दोन महिने वेळ जाईल तुझा. कसले दोन महिने... गाडीची कंपनीच बंद, त्यामुळे तिचा खरा पार्ट कुठे मिळतच नाही. मिळतात ते कुणीकुणी बाहेर बनवलेले. बेअरिंग आणलं तर ते आवाज करायचं. सील आणलं तर ते एका बाजूनं कापलेलं. गॅस्केटची भोकं बोल्टला जुळायची नाहीत. आणि पिस्टन, तो तर विचारूच नका. सगळे चकचकीत, सगळ्यांवर मोठ्या अक्षरात माप कोरलेलं, आणि मोजले की सगळे त्या मापापेक्षा बारीक. सिलेंडरमध्ये टाकले की आत डुगडुगायचे.

दुकानदार लोकांनी तर हात टेकले. सोपान मायक्रोमीटर खिशात घालून दुकानात जायचा, ही पहिली चूक. काउंटरवरच मोजायला लागायचा, ही दुसरी. मागे गिऱ्हाइकांची रांग, आणि हा पिस्टन उन्हाला धरून फिरवून बघतोय. पिंपरीतल्या एका दुकानदारानं त्याला शांतपणे समजावलं, "काका, बसवा तुम्ही. रनिंगमध्ये सेट होतंय." हे वाक्य ऐकलं की सोपानच्या कपाळाची शीर उठायची. लग्न ठरवताना म्हणतात तसं बोलतोय, म्हणाला. न पटलेला प्रत्येक पार्ट तो शेडमधल्या लाल क्रेटमध्ये टाकायचा. हो, घरी पण लाल क्रेट होता. एकदा मी आणलेले पेरू त्यात ठेवलेले मला सापडले. डाग होते म्हणे.

आणि हे सगळं तो मला फोनवर सांगायचा. रोज सकाळी. मी पिंपळे गुरवच्या बागेत चालायला निघालो की फोन. अमुक पिस्टनची रिंग अडकते, तमक्याची पिन ढिली आहे. माझी बायको म्हणायची, तुम्ही रिटायर झालात का नुसती कंपनी घरी आणली? मी त्याला शंभरदा सांगितलं असेल, बाबा रे, बसव एखादा, चालव चार दिवस, वहिनींना देहूरोडला माहेरी घेऊन जा. त्याचं उत्तर ठरलेलं. म्हणायचा, तू अजून प्रॉडक्शनमध्येच आहेस.

मध्येच त्याच्या छातीत दुखलं आणि स्टेंट टाकावी लागली. तिथंही ह्यानं त्या तरुण डॉक्टरला विचारलं, की ही स्टेंट तुम्ही मोजून घेता की पाकिटावरचं वाचून? डॉक्टर गोंधळला. वहिनींनी कपाळाला हात लावला. मी भेटायला गेलो तर कॉटवर पडून म्हणतो, "लातूर, माज्यात बी भायेरचाच पार्ट बसवला राव." मी हसलो. तोही हसला. पण जिना चढू नका, जड उचलू नका, गाडी चालवू नका असं सांगितलेलं असताना आठवडाभरात हा पुन्हा शेडमध्ये.

चाकणचा पत्ता त्यानंच शोधून काढला. पिस्टनच्या एका खोक्यावर बारीक अक्षरात गाळ्याचा नंबर होता. मला म्हणाला, चल, बनवणाऱ्यालाच भेटू. मी त्याला मागे बसवून नेलं. मला वाटलं, आज मारामारी होणार. पण संतोष भला माणूस निघाला, सोलापूरकडचा. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि सोपाननं टेबलावर मांडलेले सगळे नापास पिस्टन बघून मान हलवली. सोपाननं विचारलं, तुझ्याकडे ड्रॉइंग कुठलं आहे? संतोष म्हणाला, "सर, ड्रॉइंग कोण देणार आम्हाला? कंपनी बंद. एका मेकॅनिककडून जुना पिस्टन आणला, त्याची मापं घेतली, डाय बनवली." सोपान म्हणाला, जुना म्हणजे? संतोष म्हणाला, गाडीतनंच काढलेला, बराच चाललेला.

सोपान हसायलाच लागला. इतका, की मला त्याच्या छातीची काळजी वाटायला लागली. झिजलेल्या पिस्टनची मापं घेऊन केलेल्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, त्याच मापाचे नवे पिस्टन बनत होते, आणि ते सगळ्या महाराष्ट्रात जात होते. "म्हंजी तू नवा पिस्टन बनवतच न्हाईस," तो संतोषला म्हणाला. "तू म्हातारा पिस्टन नवा बनवतोयस." संतोषही हसला, पण ओशाळला. मग दोघं बसले. सोपाननं खऱ्या मापाचं ड्रॉइंग काढून दिलं. संतोष म्हणाला, बरोबर मापाचा पीस काढायचा तर डायच नवी लागेल, सवड मिळाली की करतो. ही सवड काही मिळेना. दर वेळी नव्या डायचं आश्वासन आणि जुन्या डायचा पिस्टन, त्यातल्या त्यात मोठा. दर वेळी सोपान मोजणार, क्रेटमध्ये टाकणार, आणि मी चाकणच्या वाहतुकीत तास तास धूर खात परत करायला जाणार. तळवड्याच्या चौकात उभा असताना मी ह्या माणसाला किती शिव्या घातल्या असतील त्याला हिशेब नाही.

तो गेला तेव्हा शेडमधल्याच खुर्चीत होता. वहिनी चहा घेऊन गेल्या तर मान एका बाजूला झाली होती. बाकी सगळं इंजिन तयार होतं. एका पिस्टनसाठी घोडं अडलं होतं.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. सोपानच्या घराची जागा भावकीनं मिळून बिल्डरला दिली होती, हे आधीच ठरलेलं होतं; आता जागा मोकळी करून द्यायची वेळ आली. शेड पाडणार, सामान हलवणार. गाडी मागायला आळंदीचा एक हौशी माणूस येऊन गेला, रविवारी नेतो म्हणाला. मयूरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ती ठेवायची कुठे, हाही प्रश्नच होता. आणि मंदावहिनींचा मला फोन आला. म्हणाल्या, भावजी, ती गाडी जायच्या आधी एकदा चालू करून द्या. मला काही कुठं जायचं नाही तिच्यावर. नुसती चालू करून द्या.

मी शनिवारी सकाळी गेलो. शेडमध्ये सगळं जिथल्या तिथं होतं. त्या दिवशी खिशात आलेला पिस्टन मी घरी टीव्हीच्या शेजारी ठेवला होता, तो बरोबर घेतला. मला सरळ बसवायचा होता. आयुष्यभर मी हेच केलं आहे, आलेला पार्ट बसवला आहे. पण तिथं त्याच्या टेबलावर त्याचा मायक्रोमीटर पडलेला, आणि मी तो उचलला. का उचलला, मला सांगता येणार नाही. मोजला. बारीक भरला. पुन्हा मोजला. सिलेंडरमध्ये टाकून हलवून पाहिला तर आत डुगडुगत होता. लॉटमधला सगळ्यात बरा, तरीही म्हाताराच. माझा हात आपोआप लाल क्रेटकडे गेला, आणि मग मला स्वतःचीच चीड आली. आता हा मलाही लागला का?

वहिनी शेडच्या दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, वहिनी, हा मापात नाही. त्याला चालला नसता. संतोष नवी डाय करतोय, महिनाभर थांबू. त्या म्हणाल्या, रविवारी गाडी जाणार, सोमवारी पत्रे काढणार, कुठं थांबता? मी म्हटलं, अहो, त्यानं तीन-चार वर्षं घालवली ह्याच्यासाठी. एकही पार्ट चालवून घ्यायचा नाही म्हणाला होता. आता मी त्याच्यामागं हा सैल पिस्टन कसा घालू? खडखड वाजेल.

वहिनींनी त्या पिस्टनकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमी त्यांच्याकडनं सारखं ते डेव्हिएशन घ्यायचा ना?" त्या म्हणाल्या. "घरी येऊन सांगायचे मला. आज लातूरनं परत सही घेतली म्हणायचे. आता मी मागती. तुमी द्या."

इतकी वर्षं मी टेबलाच्या त्या बाजूला उभा होतो. मागणं सोपं असतं. माझं काम अडलंय एवढं सांगायचं असतं. द्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती आणि ज्याचं इंजिन होतं तो विचारायला नव्हता. मी पिस्टन तेलात बुडवला आणि बसवला. दुपारपर्यंत इंजिन जोडून पुरं केलं, गाडीत चढवलं, मयूरनं पेट्रोल आणलं. त्याच्या टेबलावर सगळी अवजारं ओळीनं होती, त्यामुळे कुठं काही शोधावं लागलं नाही.

किक मारून मारून माझा पाय भरून आला तेव्हा ती धुराचा लोट सोडत उठली. आणि खडखडायला लागली. तोच आवाज, डब्यात सुपाऱ्या हलवल्याचा. मला शरमेनं मान वर करवेना. मेल्यानंतरही मी त्याच्या गाडीला तोच आवाज दिला, ज्यावरून जन्मभर त्याला चिडवलं. मी घाईघाईनं ती बंद करायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "राहू द्या."

त्या डोळे मिटून उभ्या होत्या. "असंच वाजायचं," म्हणाल्या. "अगदी असंच." आणि मग त्या वळल्या आणि घरात गेल्या. गाडी धडधडत होती, तरी स्वयंपाकघरातल्या लायटरचा आवाज मला ऐकू आला. मग पातेलं ठेवल्याचा.

झिजलेल्या पिस्टनवरून बनवलेला तो पिस्टन. झिजलेल्या गाडीसारखाच वाजणार, दुसरं काय? नव्या डायचा, अगदी मापातला पिस्टन असता तर ही गाडी शिवणयंत्रासारखी चालली असती, आणि ती कुणाची हे वहिनींना कळलं नसतं. सोपानला हे मी कसं सांगितलं असतं, आणि त्यानं ते ऐकून घेतलं असतं का, देव जाणे. भांडलाच असता.

मी गाडी बंद केली. चहाची हाक आली. शेडबाहेरच्या नळापाशी त्या वाळूसारख्या पावडरचा डबा अजून होता, अर्धा भरलेला. माझे हात मी फडक्यानं आधीच स्वच्छ पुसले होते. तरी पावडर घेतली आणि कोपरापर्यंत धुतले.